प्रश्नपत्रिका कोणाची?

शिरूर तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की कुठल्या ना कुठल्या फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. टोळी पहाटेच फडाला लागलेली असते. ऊस एका अंगाने मागे सरकत जातो, उभा तुकडा लहान होत जातो आणि मग एखाद्या सरीत, पाचटावर, मांजराएवढी दोन-तीन पिल्लं दिसतात. कोयते थांबतात. बाया आधी आपापली लेकरं कुठं आहेत ते बघतात. मुकादम फोन लावतो, वनखात्याची माणसं येतात. पशुवैद्य पिल्लं तपासतो, गोचिड्या काढतो, वजन घेतो. दिवस मावळायच्या आत पिल्लं क्रेटमध्ये घालून, जिथे सापडली नेमकी त्याच जागी ठेवली जातात. शेजारी कॅमेरा बसवतात आणि माणसं लांब जातात. बहुतेक वेळा मादी त्याच रात्री येते. क्रेटभोवती फिरते, हुंगते, पंजाने तो कलंडवते, एक पिल्लू मानेला धरून उचलते आणि अंधारात जाते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते.

बुद्धी म्हणजे काय, हा प्रश्न आज जिथे तिथे यंत्राच्या निमित्ताने विचारला जातो. यंत्र माणसाला गाठणार का, मागे टाकणार का, किती वर्षांत टाकणार. जणू बुद्धी ही एक शिडी आहे. खालच्या पायरीवर जनावर, वर माणूस आणि आता यंत्र भराभर चढत येतंय. मला ही शिडीच मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला शिरूर-दौंडच्या उसाइतकी चांगली जागा मला सापडत नाही. त्या फडात एकाच रात्री आई होती, यंत्र होतं आणि लांब उभी असलेली माणसंही होती. तिघांना कोणत्या शिडीवर उभं करणार?

माणसांपासून सुरुवात करू, कारण क्रेट तिथेच ठेवायचा ही अक्कल त्यांना सहज आलेली नाही. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. या शतकाच्या सुरुवातीला इथे बिबटे पकडून दूर जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली. शेतात बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा, सापडला की घाटातल्या रानात नेऊन सोडायचा. बिबट्या जंगलातला, म्हणून त्याला जंगलात पोचवला. वरवर पाहता यात गैर काय? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे या मोहिमेचा हिशेब मांडला. आधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, मोहीम सुरू झाल्यावर ते १७ झाले. त्यात माणूस दगावण्याचं प्रमाणही दुपटीवर गेलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, परत फिरायला बघतं, वाटेतल्या गावांत शिरतं. इतके दिवस सगळे विचारत होते की या बिबट्याला कुठे नेऊन ठेवायचं. या अभ्यासाने वेगळाच प्रश्न पुढे ठेवला: हा इथे कसा राहतोय? आज पिल्लं उचलून लांब नेत नाहीत, कारण आई त्यांना शोधत त्याच उसात फिरणार आहे आणि तिथेच सकाळी बायामाणसं तोडीला येणार आहेत. ही समज प्रयोगशाळेतून आलेली नाही. माणसं मेल्यावर आलेली आहे.

आणि बिबट्या खरंच इथे राहतो आहे. कुकडीचे कालवे, घोड नदीवरचं धरण, दौंडकडे खडकवासल्याचा उजवा कालवा. पर्जन्यछायेतल्या या माळांवर पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. बिबट्याला एवढा दाट आडोसा, उन्हाळ्यातही ओल आणि बांधाबांधावर कुत्री, शेळ्या, डुकरं. शेजारच्या अकोले तालुक्यात अत्रेय यांनी मोजदाद केली तेव्हा १०० चौरस किलोमीटरच्या शेतीच्या मुलखात जवळजवळ ५ बिबटे निघाले आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. २००९मध्ये पारनेरच्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं होतं. ‘आजोबा’ हे त्याचं नाव. तो महिनाभरात चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. वाटेत महामार्ग, रेल्वेचे रूळ, वस्त्या. एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. त्याला नकाशा येत नव्हता, पण कोणत्या वेळी कुठून निघायचं आणि कुठे दबून बसायचं हे त्याला येत होतं.

हे लिहिताना पिंपरखेड डोळ्यांआड करता येत नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूरच्या पिंपरखेड-जांबुत परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी बिबट्याला गोळी घातली गेली. बिबट्या मानेवर झडप घालतो म्हणून बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या. पूर्वी धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा बांधत, तो आता माणसाच्या गळ्यात आला. जनावराच्या हुशारीचं कौतुक करणाऱ्याने हा पट्टा आधी बघावा. त्या आईबापांच्या दुःखापुढे सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तरीही बिबट्याची बुद्धी ही बुद्धीच आहे. ती आपल्या सोयीची नसली म्हणून तिला निव्वळ उपजत प्रवृत्ती म्हणणं हा दुबळा युक्तिवाद आहे.

मग बुद्धीच्या मोजमापाचं काय? शाळेत जिला बुद्धिमत्ता चाचणी म्हणतात तिची सुरुवात १९०५मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी केली. कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल हे ओळखणं एवढाच त्यांचा हेतू होता. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडवली. त्यांचा ग्रंथ १९४०चा. कामतांचं काम मोठं होतं, कारण फ्रेंच मुलाला विचारलेला प्रश्न आपल्या मुलाला तसाच विचारून चालणार नाही हे त्यांनी मेहनत घेऊन दाखवलं. पण पुढे आपण त्या आकड्याला माणसाच्या कपाळावरचं गोंदण करून टाकलं.

त्याच सुमारास, १९३१-३२मध्ये, अलेक्झांडर लुरिया हा रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांपुढे चित्रं ठेवत होता: हातोडा, करवत, कुऱ्हाड, लाकडाचा ओंडका. यातलं वेगळं कोणतं? शाळा शिकलेला म्हणणार, ओंडका, बाकीची हत्यारं. शेतकरी म्हणत, सगळी एकत्रच हवीत, लाकूडच नसेल तर हत्यारं काय कामाची? लुरियाच्या मोजपट्टीवर हे उत्तर खालचं ठरलं. दौंडच्या एखाद्या सुताराला किंवा गुऱ्हाळावरच्या गुळव्याला विचारून बघा, तोही ओंडका बाजूला काढणार नाही. त्याला वर्गवारी कळत नाही असं नाही. प्रश्नच बिनकामाचा आहे, हे त्याला आधी कळतं.

आणि आपला नंदीबैल! दारात गुबूगुबू वाजतं, पाठीवर झूल घातलेला बैल उभा राहतो. पाऊस पडंल का? मान हलते. पोरगं पास होईल का? पुन्हा मान हलते. दुसऱ्याच्या होला हो करणाऱ्याला आपण नंदीबैल म्हणतो, पण त्यात बैलावर अन्याय होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने असाच गाजावाजा केला होता. बेरीज विचारली की तो तेवढ्या टापा मारायचा. १९०७मध्ये ऑस्कर फुंगस्ट यांनी त्याचं गुपित उलगडलं: विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं किंवा घोड्याला माणूस दिसत नसला की हान्स चुकायचा. शेवटची टाप पडताना माणसाच्या डोक्याची जी बारीकशी हालचाल होते, ती तो टिपत होता. निष्कर्ष निघाला की घोड्याला गणित येत नाही. बरोबर आहे. पण भोवतीच्या विद्वानांना स्वतःच्या अंगाची जी हालचाल कळत नव्हती ती त्याला कळत होती, याला काय म्हणायचं? नंदीवाल्याचा कासऱ्यावरचा हात, ढोलकीची थाप, बैलाचा कान, समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरची आशा यांच्या मध्ये कुठेतरी ते उत्तर तयार होतं. एकट्या बैलाच्या डोक्यात ते शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

भाषा बोलणाऱ्या नव्या यंत्रांकडे मी याच नजरेने पाहतो. त्यांनी माणसांनी लिहिलेलं अफाट वाचलं आहे आणि कोणतं उत्तर माणसाला पटतं हेही माणसांच्याच पसंतीवरून शिकून घेतलं आहे. म्हणून विचारणाऱ्याचा कल ओळखून त्याच बाजूने मान हलवण्याची ओढ त्यांच्यात दिसते. त्यांना बुद्धी नाही असं मी म्हणत नाही. काही कामांत ती थक्क करते. पण ती आपल्याकडूनच घेतलेली आहे, आपल्या हावभावांसकट. २०२५च्या त्या दहशतीच्या दिवसांत यंत्राने बनवलेले बिबट्याचे खोटे फोटो फोनवर फिरू लागले. सोसायटीच्या दारात बिबट्या, रस्त्यावर बिबट्या. यंत्राला बिबट्याचे ठिपके अचूक जमले होते. भीती मात्र खऱ्या माणसांच्या वाट्याला आली आणि वनखात्याच्या माणसांचे हेलपाटे झाले.

त्याच यंत्राचा दुसरा अवतार आज जुन्नर-शिरूरच्या शेतांत उभा आहे. कॅमेरा चोवीस तास बघतो, चित्रातलं जनावर कुत्रं की बिबट्या हे ओळखतो आणि बिबट्या असला तर भोंगा वाजवतो. हे चांगलं काम आहे आणि ते वाढावं. कॅमेऱ्याला झोप येत नाही, लक्ष उडत नाही. पण तो चुकला तर त्याचं काही बिघडत नाही. मादी चुकली तर पिल्लू जातं, उसाला पाणी धरायला गेलेला माणूस चुकला तर तोच जातो. मला वाटतं, बुद्धीच्या चर्चेत ही गोष्ट आपण फार सहज सोडून देतो. चुकीची किंमत ज्याच्या अंगावर येते तो नुसतं उत्तर शोधत नाही. विचारलेला प्रश्नच बरोबर आहे का, हेही तो तपासतो.

या तपासणीचा सगळ्यांत मोठा पुरावा शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगावला मातीखाली होता. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं तिथे वस्ती होती. भरभराटीच्या काळात ही माणसं चौकोनी घरं बांधत, गहू आणि जव पिकवत. पुराचं पाणी वळवून आणायला त्यांनी चर खणला होता, बांध घातला होता. धान्याचं कोठार होतं, शेजारी प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर. दगावलेल्या तान्ह्या मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घराच्या भुईखालीच पुरत. कसली समजूत त्यामागे असेल कोण जाणे, पण मूल घराबाहेर जाऊ द्यायचं नाही ही ओढ आजही कळते.

इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास पाऊस कमी होत गेला. मग गव्हाचं प्रमाण घटलं, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेतीपेक्षा गुरंमेंढरं आणि शिकारीवर भिस्त वाढली. याला ऱ्हास म्हणण्याची पद्धत आहे. त्यांचे हाल झाले यात शंका नाही. पण त्यांनी गव्हाचा हट्ट सोडला, हे मला ऱ्हासापेक्षा शहाणपणाचं वाटतं. पाणी आटत असताना गहू कसा वाढवायचा, यापाशी ते अडून बसले नाहीत. या पाण्यात काय जगेल, असं त्यांनी विचारलं आणि त्याप्रमाणे पुढे तीनशे वर्षं काढली.

आज त्याच घोडकाठी ऊस उभा आहे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाचे प्रयोग केले आहेत. राज्य सरकारने २०२५मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी धोरण आणलं, ५०० कोटींची तरतूद केली. जमिनीतली ओल, पानाचा रंग, हवामान पाहून यंत्र सांगतं की आज एवढंच पाणी द्या, एवढंच खत द्या. यात पाणी वाचेल, खर्चही वाचेल, आणि ते मोलाचं आहे. मात्र पर्जन्यछायेतल्या मुलखात ऊस असावा का, आणि असला तर किती, हे त्या यंत्राला कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर ते दोन्ही बाजूंनी सुरेख लिहून देईल. ठरवावं लागेल ते कालव्याच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्यांना, कारखान्याच्या सभासदांना आणि ज्यांचं या सभांत कधी नावच नसतं त्या तोडकऱ्यांना. बीडकडून आलेली ही कुटुंबं फडाच्या कडेला कोपीत राहतात, त्यांची लेकरं पाचटात खेळतात. बिबट्याशी सगळ्यांत जवळचा संबंध त्यांचा येतो. कुठल्या बांधाला कुत्री अचानक गप्प झाली, वाढ्याच्या ढिगाजवळ माती कुठे उकरली गेली, हे त्यांना न सांगता कळतं. ही माहिती आजवर कोणत्याही यंत्राच्या शिकवणीत गेलेली नाही. कॅमेरे कुठे लावायचे हे ठरवताना ती विचारली गेली, तर भोंगा योग्य जागी वाजेल. ती विचारायला फोन लागत नाही, कोपीपर्यंत चालत जावं लागतं.

या पट्ट्यातला शेतकरी बरीच वर्षं एक मागणी करतो आहे, पिंपरखेडनंतर ती पुन्हा मोठ्याने झाली: शेतीला दिवसा वीज द्या. रात्रीच्या पाळीत थ्री फेज आली की बॅटरी घेऊन एकट्याने उसात शिरून दारं मोडावी लागतात, आणि ती नेमकी बिबट्याची वेळ असते. काही गावांत सौर पंपांनी हे थोडं सोपं केलं आहे, बाकी गावं वाट बघत आहेत. पिंजरे किती, कॅमेरे किती, बिबटे किती, यांची चर्चा बैठकांमधून होते. पाणी कोणत्या वेळी धरायचं हा प्रश्न मात्र पाणी धरणाऱ्यानेच मांडला.