कुत्र्याला पाप लागते का?

भारतीय धर्मविचारात मनुष्यजन्म ही कर्मयोनी आणि पशुजन्म ही भोगयोनी मानली आहे. विधी आणि निषेध ज्याला कळतो त्यालाच पुण्य जोडते आणि पाप लागते. पशू पूर्वकर्माचे फळ भोगतो, नवे कर्म साठवत नाही. हा विचार मान्य केला तर घरच्या कुत्र्याने चप्पल फाडली, दुधाला तोंड लावले किंवा पाहुण्यावर तो धावून गेला, तरी त्यात त्याचे पाप नाही. जबाबदारी येते ती त्याला पाळणाऱ्यावर. व्यवहारात मात्र याच्या नेमके उलट घडते. तत्त्वज्ञानाने ज्याला निर्दोष ठरवले त्याच्याच पाठीत काठी बसते.

महाभारताच्या आदिपर्वात अगदी आरंभी हाच प्रश्न उभा राहतो. कुरुक्षेत्री जनमेजयाचे सत्र चालू असताना देवशुनी, म्हणजे देवांची कुत्री, सरमेचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला बडवून काढतात. ते रडत आईकडे जाते. सरमा आधी त्याच्याकडेच चौकशी करते. तू काही आगळीक केली असशील, असे ती म्हणते. हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, चाटलेही नाही, असे ते सांगते, तेव्हाच ती यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, आणि अपराध नसता मारल्याबद्दल अनपेक्षित भय ओढवेल असे ती बजावते. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या दारातच एका कुत्रीने राजाला न्याय विचारावा, याकडे कीर्तन-प्रवचनांत जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. युधिष्ठिरासोबत हिमालयात गेलेला श्वान सर्वांना ठाऊक असतो, सरमा फारशी कुणाला आठवत नाही.

सरमेने विचारलेला प्रश्न आधुनिक संशोधनानेही विचारला. कान पाडून, नजर चुकवून, शेपटी पायांत घालून बसलेला कुत्रा पाहिला की ‘याला आपली चूक कळली आहे’ असे मालक म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे तपासले. खाऊ खायचा नाही असे कुत्र्याला बजावून मालक खोलीबाहेर जात. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्लेला नसतानाही त्याने खाल्ला असे मालकाला सांगितले जाई, काही वेळा याच्या उलट. ‘अपराधी’ चेहरा दिसला तो मालक रागावला तेव्हा. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे तो चेहरा पश्चात्तापाचा नसतो. समोरचा माणूस चिडला आहे, त्याला शांत करावे, एवढाच त्याचा अर्थ.

यातून शिस्तीचा पहिला नियम निघतो. कुत्रा कृती आणि परिणाम यांची सांगड क्षणा-दोन क्षणांत घालतो. सकाळी घरात केलेल्या घाणीसाठी संध्याकाळी मिळालेला मार त्याला घाणीशी जोडता येत नाही, तो जोडला जातो घरी येणाऱ्या मालकाशी. गुरगुरण्यावर मारणे तर अधिकच घातक. गुरगुरणे ही चावण्याआधीची सूचना असते. मारामुळे सूचना बंद होते, भीती मात्र तशीच राहते, आणि मग ‘काही कारण नसताना चावला’ असे म्हणायची वेळ येते. चावण्याआधी अंग ताठ होते, नजर रोखली जाते, ओठ उचलले जातात. जांभई आणि स्वतःचे नाक चाटणे हीसुद्धा अस्वस्थतेची खूण असू शकते. घरातल्या मुलांना ही भाषा शिकवली, आणि जेवणाऱ्या वा झोपलेल्या कुत्र्याला छेडू दिले नाही, तर पुष्कळ चावे टळतील.

पशूला पाप नसले तरी संस्कार असतात. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आयुष्यभर आपले वाटते. मुले, म्हातारी माणसे, मोटारसायकलचा आवाज, ट्रॅक्टर, मांजर, शेळ्या या सर्वांची सौम्य ओळख याच काळात करून द्यावी लागते. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लाला दातांचा जोर आवरण्याचे धडे भावंडांकडून पुरेसे मिळत नाहीत. पुढे शिकवायचे तेही हव्या त्या वागणुकीला तत्काळ घास, शाबासकी किंवा खेळ देऊन. नको त्या वागणुकीला फळ मिळू न देऊन. एका घरात आजोबा ताटातला तुकडा देतात आणि सून हाकलते, तेव्हा गोंधळलेला कुत्रा हट्टी ठरवला जातो.

कुत्र्याकडे कसे पाहावे हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्यात विचारण्याला विशेष अर्थ आहे. प्रवरेच्या काठी नेवाशात 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपली टीका सांगितली. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्र्याचे मांस शिजवणारा हे पाचही ज्ञानी पुरुषाला सम दिसतात, असे म्हटले आहे. ज्या समाजात कुत्र्याचा स्पर्श अन्नाला विटाळ मानला जाई, तिथे हे मराठीत उघडपणे सांगणे मोठे धाडसाचे होते. पण ही समता आत्म्याची आहे, देहांची नाही. देह वेगळे म्हणून त्यांच्या गरजाही वेगळ्या. सर्वांना एकाच मापाने वागवणे म्हणजे समदृष्टी असे मानले की गल्लत होते. कुत्र्याला माणसाचे मूल मानून वाढदिवसाचा केक भरवणारा आणि त्याला नुसते राखणीचे साधन समजणारा, दोघेही कुत्र्याला पाहतच नाहीत.

याच जिल्ह्यातल्या शिर्डीत साईबाबांनी (समाधी 15 ऑक्टोबर 1918) या समतेला अन्नाचे रूप दिले. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त त्याच्या कथा आहेत. तर्खडबाईंनी जेवताना दारी आलेल्या भुकेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घातला, आणि तो आपल्यालाच पोहोचला असे बाबांनी त्यांना सांगितले. लक्ष्मीबाई शिंदे यांनी बाबांसाठी करून आणलेली भाकरी बाबांनी सरळ कुत्र्यापुढे ठेवली. बोलणाऱ्याची आणि मुक्या जिवाची भूक एकच, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. बाळा गणपत शिंपी यांची कथा वेगळी आहे. हिवतापाने बेजार झालेल्या या भक्ताला बाबांनी काळ्या कुत्र्याला दहीभात घालायला सांगितले. तिथे कुत्रा हा माणसाच्या व्याधीवरचा उपाय आहे. लक्ष्मीबाईंच्या कथेत कुत्र्याची भूक हीच मुख्य गोष्ट आहे, म्हणून ती अधिक खोल जाते. शनिवारी काळे कुत्रे शोधत फिरणाऱ्या श्रद्धेने या दोन कथांतला फरक ओळखायला हवा.

भूक एक असली तरी पोट एक नाही. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी ठरू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातली मनुकाही त्यात आली. पेढे-बर्फीने लठ्ठपणा आणि पोटाचे विकार वाढतात, शिजलेली हाडे फुटून आतडे फाडू शकतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीर थंड करतो. जिल्ह्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला म्हणूनच उष्माघात होतो. सावली, ताजे पाणी आणि सकाळ-संध्याकाळचे फिरणे या त्याच्या किमान गरजा आहेत.

साखळीचा विचार इथे वेगळ्या कारणानेही करावा लागतो. अकोले तालुक्यात वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के, म्हणजे शेळ्यांहूनही जास्त. उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवर रात्री उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा राखण करत नाही. त्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. ज्याच्या भुंकण्यावर घर विसंबून झोपते, त्याला रात्री बंद गोठ्यात किंवा जाळीच्या मजबूत खुराड्यात घेणे हे त्या घराचे ऋण आहे.

अहिंसेची कसोटी घराबाहेर, भटक्या कुत्र्यांपाशीही लागते. 1926 साली अहमदाबादेत अंबालाल साराभाईंनी आपल्या गिरणीच्या आवारातली साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा उठलेल्या वादात गांधीजींनी दयाळू लोकांना दुखावणारी बाजू घेतली. कुत्र्याची जबाबदारी न घेता त्याला तुकडे टाकणे हा धर्म नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मारण्याला त्यांनी दिलेली मुभा आज कायद्याला मान्य नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडायचे असते. जबाबदारीविषयीचे त्यांचे बोलणे मात्र टिकून आहे. वैश्वदेवातला श्वानबली, म्हणजे जेवणाआधी कुत्र्यासाठी काढलेला घास, घालणाऱ्या परंपरेने आज त्या घासासोबत लसही द्यायला हवी. पिल्लाला साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील तसे पुढचे डोस. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, चुना, अंगारा काही लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे ही शंका प्रामाणिक असते, पण पोसता न येणारी पिल्ले पोत्यात घालून गावाबाहेर सोडणारी रीत नसबंदीहून निश्चितच क्रूर आहे.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटच्या आजाराचा. जैन विचारात सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून मरण स्वीकारणे, आहे, पण ती जाणीवपूर्वक घेतलेले व्रत आहे, आणि कुत्रा व्रत घेऊ शकत नाही. त्यामुळे असाध्य वेदनेतल्या प्राण्याला पशुवैद्याकरवी मरण द्यावे की वेदना शमवत नैसर्गिक मरणाची वाट पाहावी, यावर श्रद्धावान घरांत मतभेद राहतात. दोन्ही बाजूंना एक गोष्ट लागू होते. निर्णय कुत्र्याच्या वेदनेकडे पाहून व्हायला हवा. तो खातो का, उठून उभा राहतो का, ओळखीच्या हाकेला शेपटी हलवतो का, श्वास कष्टाने घेतो का, हे काही दिवस रोज पाहून पशुवैद्याशी बोलावे. जे घर मरण देणे नाकारते, त्याने वेदनाशामक औषधे देणे, कूस बदलणे, अंग स्वच्छ ठेवणे आणि थेंबथेंब पाणी पाजणे हे सारे अखेरपर्यंत करायचे असते. कोपऱ्यात टाकून देऊन त्याला अहिंसा म्हणता येत नाही.