सायंकाळचे स्नान व अंतःकरणाची शुद्धी



मनुष्याने दिवसभर केलेले बरेवाईट सायंकाळी पाण्याने धुऊन जाते काय, हा जुनाच प्रश्न आपल्या मंडळ्यांत अलीकडे नव्या रूपाने पुढे आला आहे. पुण्यामुंबईस कामाला गेलेली आपली मुले सणासुदीस गावी येतात, आणि त्यांच्या हातातील मोबाईलवर नाना देशींचे गुरू बोलत असतात. त्यांपैकी कित्येक असे सांगतात की, चीन देशातील प्राचीन ताओ मार्गास अनुसरून रात्री निजण्यापूर्वी शॉवरखाली स्वस्थ उभे राहावे, डोळे मिटावे, श्वास सावकाश घ्यावा, आणि दिवसभर लोकांच्या सहवासाने अंगास चिकटलेली वाईट शक्ती पाण्याबरोबर मोरीत वाहून जात आहे, असे मनाने पाहावे. म्हणजे मनुष्य शुद्ध होऊन निजतो. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत शॉवर थोड्यांच घरी आहे. परंतु ही शिकवण बादलीतांब्यासही तितकीच लागू पडते. म्हणून तिची परीक्षा करणे उचित आहे.

प्रथम हिच्यात जे चांगले आहे ते मोकळ्या मनाने कबूल करू. दिवसभर उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्यास, अथवा सोयाबीनच्या मळणीने ज्याचे अंग भुसकटाने खाजत आहे त्यास, सायंकाळच्या ऊन पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. पाण्याने घाम व धूळ जाते, रोगाचे जंतू जातात. ऊन पाण्याने हातापायांच्या कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातील उष्णता बाहेर पडते, आणि तासा-दीड तासाने अंग निवू लागले म्हणजे झोप लवकर लागते. शिवाय दिवसाच्या गलबल्यातून क्षणभर बाजूला होऊन मुकाट्याने उभे राहणे, हेही मनास हितकर आहे. देवाने निर्माण केलेल्या पाण्याचा असा उपयोग करण्यात काही दोष नाही.

पाण्याने शुद्ध होण्याची कल्पना आपणांस परकीही नाही. तुळजापुरास भवानीच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू आधी कल्लोळ व गोमुख ह्या तीर्थांवर स्नान करितात किंवा निदान हातपाय धुतात. कल्लोळात सर्व तीर्थांचे पाणी एकत्र आले आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. ग्रहण सुटल्यावर, प्रेतास खांदा देऊन आल्यावर, सुतक फिटल्यावर स्नान करण्याची चाल घरोघर आहे, आणि आपल्यांतील पुष्कळ कुटुंबे ती आजही पाळतात. शेजाऱ्याच्या श्रद्धेची थट्टा करणे आपणांस शोभत नाही. आपण इतकेच विचारू की, दिवसभरात मनुष्यास जे चिकटते ते नेमके काय असते, व ते पाण्याने सुटते काय?

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखिल्या पाहिजेत. एक मळ, दुसरे ऋण. मळ माझ्या अंगावर असतो. तो मी एकटा, दार लावून, धुऊ शकतो. ऋण मात्र माझ्या अंगावर नसते. ते माझ्या व दुसऱ्याच्या मध्ये असते. समजा, एका मनुष्याने सकाळी खव्याच्या भट्टीवर दूध घालिताना त्यात तांब्याभर पाणी मिसळिले. दुपारी मजुरीच्या हिशेबात एका विधवेचे पन्नास रुपये कापिले. आणि दिवेलागणीस सुनेला चारचौघांत टाकून बोलला. रात्री त्याने स्नान केले, डोळे मिटिले, सर्व वाईट शक्ती मोरीत गेली असे मनाने पाहिले, आणि त्यास खरोखरच हलके वाटले. परंतु त्या विधवेच्या पदरात तिचे पन्नास रुपये पडले काय? सुनेच्या डोळ्यांतील पाणी कोणी पुसले काय? हलके वाटणे व निर्दोष होणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पायात काटा मोडला असता ठणका लागतो, तो काटा काढावयास सांगत असतो. ठणका तेवढा थांबविला व काटा आत राहू दिला, तर पाय पिकल्यावाचून राहत नाही. त्या मनुष्याचा विवेक रात्री ठणकू लागला असता, तर सकाळी तो त्या विधवेच्या दारी गेला असता. स्नानाने तो ठणकाच निजविला.

पवित्र शास्त्रात ह्या दोन्ही प्रकारची माणसे आहेत. पिलात सुभेदाराने निरपराध्यास मरणाच्या स्वाधीन करिताना लोकांदेखत पाणी मागवून हात धुतले. त्याचे हात स्वच्छ झाले असतील. परंतु निवाडा जसा होता तसाच राहिला. उलटपक्षी जक्कय नावाचा जकातदार पाहा. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने स्नानाची गोष्ट काढिली नाही. अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देतो, आणि ज्यांस फसविले त्यांस चौपट परत करितो, असे तो उभा राहून बोलला. एकाने पाणी घेतले, दुसऱ्याने हिशेबाची वही घेतली. आणि तारण कोणाच्या घरी आले हे आपणांस ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल की, हा ख्रिस्ती लोकांचा विचार झाला. ताओ मार्ग निराळा. परंतु ताओ मार्गाचा इतिहास पाहिला तर त्या मार्गाचे जुने लोकही इतक्या स्वस्तात शुद्ध होत नसत असे दिसते. लाओत्सेच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात पाण्याची थोरवी सांगितली आहे, ती ते अंगाचा दोष धुते म्हणून नव्हे, तर ते नम्रपणे सखल जागी जाऊन सर्वांचे हित करिते म्हणून. ताओ पंथाच्या पूजेपूर्वी उपासक स्नान व उपोषण करीत, हे खरे. परंतु दुसऱ्या शतकाच्या अखेरीस हानझोंग प्रांतात झांग लू नावाच्या ताओ धर्मगुरूची सत्ता होती. तेथील चाल चीनच्या इतिहासग्रंथांत नोंदिली आहे. आजारी मनुष्यास तेथे एका शांत खोलीत बसवून आपले अपराध आठवावयास लावीत. आणि ज्याच्या हातून लहानसा अपराध घडला असेल त्याने शंभर पावले रस्ता दुरुस्त करावा, म्हणजे त्याचा दोष फिटला, असे मानीत. वाटसरूंसाठी त्यांनी धर्मशाळा बांधून तेथे अन्न ठेविले होते. पहा, सतराअठराशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांस सुवार्ता ठाऊक नव्हती. तरी अपराध केला तर काही दुरुस्त केले पाहिजे, आणि तेही दहा जणांच्या पायांखाली येणारे, इतके त्यांस कळत होते. आज त्यांचे नाव घेऊन जे शिकविले जाते त्यात स्नान राहिले आहे, रस्ता मात्र गळाला आहे.

ह्या शिकवणीत दुसरा एक धोका आहे, आणि आपल्या लोकांस तो इतरांपेक्षा लवकर दिसला पाहिजे. वाईट शक्ती लोकांच्या सहवासाने चिकटते, असे हे गुरू सांगतात. म्हणजे मी मूळचा शुद्ध, आणि दुसरा मनुष्य मला मलिन करणारा! बंधूंनो, ही भाषा आपल्या वाडवडिलांच्या कानांस नवी नव्हती. हिलाच विटाळ म्हणत. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, व त्यांच्यामागून त्यांचे हजारो अनुयायी प्याले. पुढे तेथील सवर्णांनी ते तळे बाटले असे ठरवून गोमूत्र, शेण, दूध व दही यांचे १०८ घडे त्यात ओतविले व त्यास शुद्धी म्हटले. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत, ते मनुष्याच्या ओंजळीने अशुद्ध झाले! त्या तळ्याचा दावा चालत राहून १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच्याही पुष्कळ आधी, १८६८ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला होता. एकाने पाण्याने मनुष्यास दूर सारिले, दुसऱ्याने त्याच पाण्याने मनुष्यास जवळ केले. शुद्धी कोणत्या पाण्याने झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

पण दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आपल्या मंडळ्यांतही पूर्वीच्या जातीची आठवण धरून सोयरीक मोडिली जाते, प्रीतिभोजनात पंगतीची जागा पाहिली जाते, एका वस्तीचे लोक दुसऱ्या वस्तीच्या घरचा चहा टाळितात. अशा मनुष्याने रोज सायंकाळी तासभर स्नान केले तरी त्याच्या अंतःकरणातील विटाळ जाणार नाही; कारण तो विटाळ शेजाऱ्याकडून आलेला नसून त्याच्याच आतून निघाला आहे. मनुष्यास बाहेरचे काही भ्रष्ट करीत नाही, आतून निघते ते भ्रष्ट करिते, हे प्रभूने लोकसमुदायास सांगितले ते आपल्यासाठीही आहे.

आणखी एक साधी गोष्ट. आपला हा बालाघाटाचा मुलूख पाण्यास महाग आहे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या जिल्ह्यातही त्या वर्षी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाया आपण पाहिल्या आहेत. सरकारच्या २०१९ सालच्या जल जीवन योजनेत खेड्यातील माणशी रोज ५५ लिटर पाणी धरिले आहे. शॉवरमधून मिनिटास सुमारे दहा लिटर पाणी जाते. तेव्हा दहा मिनिटे डोळे मिटून उभे राहणारा जवळजवळ दोन माणसांचे दिवसाचे पाणी मोरीत सोडितो. शेजारीण दोन हंड्यांसाठी रांगेत उभी असता मी माझ्या मनःशांतीसाठी शंभर लिटर ओतिले, तर त्या शुद्धीने एक नवे ऋण मात्र होईल.

येथे विचारी वाचक शंका घेईल: आपला बाप्तिस्माही पाण्यानेच होतो ना? होय, परंतु पेत्र प्रेषिताने आपल्या पत्रात स्पष्ट केले आहे की, बाप्तिस्मा म्हणजे शरीराचा मळ काढणे नव्हे, तर चांगल्या विवेकाने देवाकडे वळणे होय. म्हणूनच तो एकांतात, स्वतःच्या हाताने, रोज रात्री घ्यावयाचा नसतो. तो एकदाच, मंडळीदेखत, दुसऱ्याच्या हातून घ्यावयाचा असतो. आणि त्यानंतरचे आयुष्य कसे गेले ह्यावरून मंडळी त्याची साक्ष पाहते. पाणी तेथे खूण आहे. खुणेस औषध समजणे ही चूक बाप्तिस्म्याविषयीही होऊ शकते, आणि आपल्यांत ती होतेही.

मग सायंकाळी करावे काय? स्नान अवश्य करावे. बादलीभर पाण्यात करावे, आणि उरलेले पाणी परसातील झाडास घालावे. प्रेतक्रियेहून आल्यावर स्नान करावे की नाही, असे उपदेशकांस वारंवार विचारितात. त्यांनी सांगावे की, स्वच्छतेसाठी खुशाल करा, मृताच्या भयाने करू नका. आणि स्नानाच्या गडबडीत त्या घरच्या रडणाऱ्यांस टाकून येऊ नका. रागावर सूर्य मावळू देऊ नये, असे पौल इफिसकरांस लिहितो. ह्या वचनाने सायंकाळच्या कामाचा क्रमच ठरवून दिला आहे. अंगावर पाणी घेण्यापूर्वी मनुष्याने तीन गोष्टी आठवाव्या: आज मी कोणाचे काही ठेवून घेतले काय? कोणास लागेल असे बोललो काय? कोणास हलके लेखिले काय? उत्तर होय असेल, तर तांब्या खाली ठेवून आधी त्या घरी जावे. फार रात्र झाली असेल, तर सकाळी पहिले पाऊल तिकडे टाकण्याचा निश्चय करून मग निजावे. क्षमा देवाकडून मिळते, ती विकत घ्यावी लागत नाही. पण शेजाऱ्याचे पन्नास रुपये खिशात ठेवून ती मागावयास कोणी जाऊ नये.

प्रभूच्या शेवटल्या रात्रीचे भोजन आठवा. त्या सायंकाळीही पाणी होते, गंगाळ होते, आणि येणारे दुःख कोणास कल्पिता येणार नाही इतके मोठे होते. त्याने ते पाणी स्वतःचा शीण घालविण्यास घेतले नाही. तो कमरेस रुमाल बांधून खाली बसला व शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्यांत त्यास धरून देणाऱ्याचेही पाय होते. आपल्या खेड्यांत दमून आलेल्या पाहुण्यास दारात पाय धुवावयास पाणी देण्याची चाल अजून उरली आहे. ती मोडू देऊ नका. ज्याचे व आपले बोलणे बंद आहे त्याला एका सायंकाळी घरी बोलावून तो तांब्या त्याच्या हाती द्या, आणि मग आपण स्नानास जा.