परतीचा दाखला

कर्जतच्या एका गुरुजींनी नोकरीभर शाळेतल्या पोरांना रेहेकुरीला नेऊन काळवीट दाखवले. 1980 साली झालेलं ते अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. पण उड्या घेत जाणारा कळप दिसला की गुरुजी हटकून आफ्रिकेचा विषय काढत. तिथे जनावरं लाखांनी चालतात, म्हणत. ते निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत केनियाची सहल ठरवली ती याचसाठी. मसाई मारा, सहा दिवस, सगळं घर.

विमान तीन दिवसांवर आलं आणि मुलाचा फोन आला.

"अण्णा, यलो फीवरची लस राहिली. केनियात आपल्याला कोणी विचारत नाही, पण परत येताना मुंबईला आपलेच लोक कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवस अलग ठेवतात."

"मग टोचून घेऊ."

"सरकारमान्य केंद्रातच मिळते ती. आधी नाव नोंदवावं लागतं. कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं गोळा करून ठरलेल्या दिवशीच टोचतात. आपल्याला तारीख मिळतेय ती विमानाच्या दुसऱ्या दिवशीची." मुलगा जरा थांबला. "एक ओळखीचा माणूस आहे. टोचून न घेता कार्ड देतो, मागची तारीख घालून. आजारी आपण पडणार नाहीच, नुसता कागद तर हवाय."

गुरुजी लगेच नाही म्हणाले नाहीत. पैसे भरलेले होते, नातवाने बॅग भरून ठेवली होती. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताई घरोघरी पाणी तपासत आल्या. दुष्काळाने या तालुक्याला पाणी साठवायची सवय लावलीय. गुरुजींच्या अंगणातही दोन पिंपं आणि एक रांजण कायम भरलेला. ताईंनी पिंपात बॅटरी मारली. वळवळणाऱ्या अळ्या खाली गेल्या.

"गुरुजी, हा डेंग्यूचा डास होणार. आठवड्यातून एकदा पिंप घासून कोरडं करायला सांगितलं होतं ना?"

गुरुजींनी पिंपं तिथेच उपडी केली. गल्लीतलं एक पोर तेव्हा डेंग्यूने अंथरुणात होतं. पण डोक्यात दुसरंच काही घोळत राहिलं, आणि ते उठून सरकारी दवाखान्यात गेले. हयातभर पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिलेला माणूस स्वतःला पडलेला प्रश्न टाकून देत नाही.

"बाई, पिवळा ताप कुठल्या डासाने होतो?"

"तुमच्या पिंपातल्याच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एडिस. डास आपल्याकडे घरोघर आहे, पिवळ्या तापाचा विषाणू तेवढा अजून आलेला नाही. तिकडे चावा घेतलेला माणूस एका रात्रीत विमानाने इथे येतो. ताप चढायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून ते सहा दिवस अलग ठेवायचं. तोवर तो घरी आला, त्याला इथला डास चावला, की काही दिवसांनी तोच डास शेजाऱ्याला चावणार. या आजारावर नेमकं औषध नाही, गुरुजी. लस मात्र आहे. मॅक्स थायलर यांनी 1937 साली केलेली, त्यासाठी 1951 चं नोबेल मिळालं त्यांना. ती एकदा टोचली की दहा दिवसांनी दाखला लागू होतो. 2016 पासून तर तो जन्मभर चालतो."

गुरुजींनी घरी येऊन मुलाला फोन लावला. "कार्ड बघून विमानतळावरचा साहेब फसेल रे, आपल्या गल्लीतला डास फसणार नाही. त्या पोराच्या आईला मी काय सांगू? तारीख पुढे ढकल."

"तिकिटांचे पैसे बुडतील, अण्णा. आणि पुढच्या मेच्या सुट्टीपर्यंत ते कळप खाली टांझानियात गेलेले असतात."

"जाऊ देत."

नातू दोन दिवस बोलला नाही. सूनबाईंनी मात्र पुण्याच्या केंद्राची तारीख सोडली नाही. सगळ्यांची नावं तिथे नोंदवली. गुरुजी पासष्टीचे. या लशीत कमकुवत केलेला पण जिवंत विषाणू असतो, त्यामुळे साठी उलटलेल्याला ती विचार करूनच देतात. तिथल्या डॉक्टरांनी त्यांची औषधं विचारली, अंड्याची ॲलर्जी विचारली, धोका समजावून सांगितला आणि मग दंडाला सुई लावली. पिवळ्या कार्डावर सही, शिक्का आणि खरी तारीख पडली.

मे महिन्यात ते केनियाला गेले. पाऊस होता. कळप नव्हते, हत्ती होते, जिराफ होते, आणि ओल्या गवतात बसलेली एक सिंहीण नातवाने सगळ्यात आधी हेरली.

परतताना मुंबईला पहाटे मोठी रांग होती. खिडकीतल्या थकलेल्या माणसाने गुरुजींचं कार्ड नुसतं उघडलं, मिटलं आणि पुढे केलं. गुरुजींनी ते घेतलं नाही.

"साहेब, तारीख नीट बघा," ते म्हणाले. "माझीही, आणि मागच्या सगळ्यांचीही. आम्हाला उशीर झाला तरी चालेल."