तिसरी किल्ली

गेल्या उन्हाळ्यात एका वसंत व्याख्यानमालेत 'दुसरा संसार' या विषयावर एका वकीलबाईंनी भरपूर टाळ्या घेतल्या. लग्न माणसाशी लागतं, त्याच्या मागल्या उधारीशी नाही, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याचा पंचविशी ओलांडलेला मुलगा राहायला आला तर तो पाहुणा, आणि पाहुण्याला परतीची तारीख विचारायला लाजू नये. मी तिसऱ्या रांगेत होते. तसा एक पाहुणा, वय २९, नोकरी सुटलेली, दारू न सुटलेली, त्या वेळी आमच्या हॉलमध्ये झोपला होता. टाळ्यांत माझेही हात होते, हे आधीच कबूल करते.

बाईंचा सगळा भर कायद्यावर. कायदा त्यांनी बरोबर सांगितला, पण अर्धा. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलाला निर्वाह मागता येतो तो सज्ञान होईपर्यंतच. खरं आहे. मात्र त्याच कायद्यातल्या कलम २०च्या शेपटीला एक स्पष्टीकरण आहे: आईबापांत निपुत्रिक सावत्र आईसुद्धा धरावी. मसुदा करताना कुणाला तरी ती आठवली होती! स्वतःचं पोर नसलेली, नवरा गेल्यावर सवतीच्या लेकाच्या ताटाकडे बघत बसणारी. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर निपुत्रिकपणाचीही अट नाही. सावत्र आई आणि सावत्र बाप, दोघंही आईबापच. म्हणजे उद्या मी अंथरुणाला खिळले तर या पोरानं मला पोसायचं, आणि आज त्याचा तोल गेलाय तर मी त्याला तारीख द्यायची? बाईंच्या वहीत एकच बाजू लिहिलेली होती.

खुशीत हे सगळं लिहून काढलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं चष्मा पुसला. "म्हणजे तो तुझा विमा का?"

लेख तिथेच पडला.

'सापत्न' हा शब्द सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून आला. आणि संस्कृतात 'सपत्न' म्हणजे सरळ शत्रू. शत्रूला पोसायचं तर काहीतरी परतफेड हवीच, हे मीही गृहीत धरून बसले होते. बाईंशी भांडता भांडता त्यांचीच वही मी दुसऱ्या बाजूनं भरत होते.

पुण्यात १९८६पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिकडे पाठवा, असं हितचिंतक सांगतात. जरूर. पण तिथून माणूस परत येतो तो कुठे, हे त्यांना विचारलं की चहा गार होतो.

बाप त्याला काही विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर येईल. तो नऊ वर्षांचा असताना मोडलेल्या घराचं उत्तर. मग उशीखाली पाचशेची नोट ठेवली जाते. माझ्याकडे ती अपराधी नोट नाही, म्हणून विचारायचं काम माझं. तो मला आई म्हणत नाही, काकू म्हणत नाही, "अहो" म्हणतो. नवऱ्याला मी नावानं हाक मारते, त्यामुळे आमच्या घरात अहो मीच.

लॅचच्या दोनच किल्ल्या होत्या. तिसरी मी करून आणली आणि महिनाभर मोहरीच्या डब्यात ठेवली. दिली तेव्हा सांगितलं: अकराच्या आत, आणि शुद्धीवर. दोनदा त्यानं मोडलं, दोनदा मी हात पुढे केला, त्यानं किल्ली मुकाट्यानं दिली. बाईंची तारीख मी अशी किरकोळीत वापरते आहे, हे त्यांना कळलं तर त्या हसतील.

परवा फोडणीला डबा उघडला तर किल्ली नव्हती. मी दिली नव्हती. तेल तापलं होतं. मोहरी टाकली आणि झाकण लावलं.