स्वयंपाकघराच्या वाट्याचा उजेड

कोकणातल्या जुन्या कौलारू घरात उजेडाची वाटणी कधी सारखी झालीच नाही. पुढची पडवी आणि ओटी अंगणाकडे उघडी. पाहुणे तिथे टेकायचे, पंचांग तिथे उघडायचं, व्यवहार तिथेच ठरायचे. माजघर ओलांडून आत जावं तसा उजेड कमी होत जाई. स्वयंपाकघर सर्वांत मागे, जांभ्याच्या जाड भिंतींत, पावसासाठी खाली ओढलेल्या छपराच्या आड. एखादी लहान खिडकी, डोक्यावर फार तर एक काचेचं कौल. चुलीचा धूर वर्षानुवर्षं भिंतीतल्या फडताळांवर बसत गेला. आज आपण ज्या लाकडाचा काळसर रंग वाखाणतो, त्यातला बराचसा काळेपणा काजळीचा आणि फोडणीच्या ओशट वाफेचा असतो.

ही फडताळं फिकट रंगानं रंगवावीत का, यावर घरात दोन मतं पडतात. गणपतीला चार दिवस आलेले भावोजी म्हणतात, “वहिनी, आजीच्या वेळचं लाकूड आहे, त्याला ब्रश लावू नका.” बारा महिने तिथे रांधणाऱ्या वहिनी म्हणतात, “भावोजी, हात घालून चाचपल्याशिवाय मला आतला डबा ओळखता येत नाही.” भावोजींचं प्रेम खरं आहे. तरी माझं मत वहिनींच्या बाजूनं पडतं. आपल्या आठवणी जपण्यासाठी दुसऱ्या कुणी रोज अंधारात राबावं, ही अपेक्षा प्रेमातही बसत नाही.

शिवाय तो काळेपणा नुसता लाकडावर थांबलेला नव्हता. तोच धूर फुंकणीनं जाळ पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत गेला. घरातल्या इंधनाच्या धुरामुळे होणाऱ्या हवेच्या प्रदूषणानं 2020 मध्ये जगात सुमारे 32 लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आता बहुतेक घरांत गॅस आला आहे. धूर संपला, पण त्यानं आणलेला अंधार फळ्यांवर तसाच राहिला. तो उतरवणं आपल्या हातात आहे.

हे काम निगुतीनं करावं लागतं. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगतं, म्हणून दसऱ्यानंतरची कोरडी हवा बरी. आधी धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं ओशट थर सुटेपर्यंत पुसायचं, मग साध्या पाण्यानं. तेलकट फळीवर रंग धरत नाही, आणि उरलेली काजळी नव्या रंगातून पिवळी होऊन वर येते. फळ्या पुरत्या वाळल्या की पॉलिश पेपर, भेगांना लांबी, प्राइमर आणि मग रंगाचे दोन पातळ हात. फडताळावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये, कारण त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत दहा लाख भागांमागे 90 भागांपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला. जुना थर ओलाच घासावा, नाकावर चांगला मास्क असावा आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवावं.

फडताळाची आतली बाजू मी तशीच ठेवीन. पांढरा ऑइलपेंट बंद अंधाऱ्या जागी पिवळा पडत जातो, आणि त्याचा वास धान्याला लागतो. आतून पुसून स्वच्छ केलेलं लाकूड राहू द्यावं. भावोजींनी दार उघडावं, त्यांना आजीचं सागवान तिथे भेटेल. बाहेरच्या फळ्यांना मात्र फिकट रंग द्यावा, म्हणजे काचेच्या कौलातून आणि खिडकीतून येणारा थोडका उजेडही परतून ओट्यापर्यंत पोहोचेल. त्या घरानं आपल्या अन्नपूर्णेला इतकं तरी द्यायला हवं.

रंग कोणता, हे तिलाच ठरवू द्यावं. रंगाचं कार्ड आधी तिच्या हातात द्यावं. घर बांधताना खिडकी कुठे हवी, हे तिला बहुधा कुणी विचारलं नव्हतं.

आपल्यातले कितीतरी जण आज फ्लॅटमध्ये राहतात. तिथेही हॉलमध्ये झगमगीत दिवे आणि ओट्यावर स्वतःचीच सावली पडेल असा एकुलता दिवा, ही जुनी वाटणी पुष्कळदा तशीच असते. आज स्वयंपाक करणाऱ्या माणसाशेजारी थोडा वेळ उभे राहू या आणि विचारू या: इथे तुला नीट दिसतं का? उत्तर ‘नाही’ आलं, तर येत्या सुट्टीतलं पहिलं काम ठरलं.