हिशेबात न धरलेले पाणी

जालना जगाच्या बाजारात नव्याने आलेले नाही. 1900च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाली, जुन्या जालन्यात स्टेशन झाले आणि निजामाच्या राज्यातल्या या भागाचा कापूस मुंबईच्या बंदराशी जोडला गेला. आज इथे परदेशातून भंगार येते, भट्ट्यांत वितळते आणि त्याच्या सळया देशभर बांधकामांवर जातात. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि संकरित बियाण्यांची बाजारपेठ म्हणून गावाचे नाव झाले. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. इथल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. 2015 साली ड्रायपोर्टची पायाभरणी झाली.

या गावातली मुले आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला पुण्या-मुंबईला जातात आणि जिनिव्हात ठरलेल्या करारांची कलमे अभ्यासतात. अभ्यास चांगलाच आहे. पण व्यापार, शाश्वत विकास आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे नियमन हे तीन विषय एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे जालन्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसत असेल. पुस्तकात त्यांची प्रकरणे वेगळी असतात. इथे ती एकाच नळाला जोडलेली आहेत.

1947च्या गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराचे विसावे कलम प्रत्येक विद्यार्थ्याने नीट वाचावे. संपून जाऊ शकणारी नैसर्गिक साधने राखण्यासाठी एखाद्या देशाला व्यापारावर निर्बंध घालता येतात. मात्र एक अट आहे : त्याच्या जोडीने स्वतःच्या देशातले उत्पादन किंवा वापरही आवरला पाहिजे. चीनने दुर्मीळ मृदा खनिजांच्या निर्यातीवर कोटा लावला आणि साधने वाचवण्याचे कारण पुढे केले. अमेरिका, युरोपीय संघ आणि जपान यांनी 2012 साली जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आणि 2014 साली चीन हरला. परक्यांसाठी दार बंद आणि घरच्या कारखान्यांना मोकळीक, याला संवर्धन म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. व्यापाराच्या कायद्यातले मला सर्वात न्याय्य वाटणारे तत्त्व हेच आहे.

आता ते जालन्याला लावून पाहू. मार्च 2012 मध्ये केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांचा रोष पाहून काही दिवसांत ती मागे घेतली. वाद झाला तो गिरण्यांना मिळणाऱ्या भावाचा आणि शेतकऱ्याच्या नुकसानीचा. कापसाबरोबर किती पाणी बाहेर जाते, हा प्रश्न कुणी घेतला नाही. त्याच वर्षी पाऊस गेला आणि 2012-13चा दुष्काळ जालन्यावर कोसळला. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला, शहर टँकरवर आले. वर्षानुवर्षे जपलेल्या मोसंबीच्या बागा वाळल्या आणि लोकांनी डोळ्यांदेखत झाडे तोडून काढली. शेतमालात दडून प्रवास करणाऱ्या पाण्याला टोनी ॲलन या अभ्यासकाने आभासी पाणी म्हटले, त्यासाठी 2008 साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात बाग तोडणाऱ्या माणसासाठी त्यात आभासी काहीच नव्हते.

निर्यात थांबवा, असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याला बाजार हवाच, आणि तो जितका मोठा तितका बरा. पण उद्या पाण्याच्या नावाने एखाद्या पिकाच्या व्यापाराला वळण द्यायचे ठरले, तर विसावे कलम आपल्याला विचारेल की घरात काय आवरले? आपल्याकडे उत्तर काय आहे? महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009चा, लागू झाला 2014 साली. शेतीसाठी किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यावर त्यात बंधन आहे. मराठवाड्यात कुठल्याही बोअरवाल्याला विचारा, तो याच्या दुप्पट खोलीचा दर आधी सांगेल. शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. शेजारच्या बोअरला पाणी लागले की स्वतःची विहीर आटते, हे त्याने पाहिलेले असते. जमीन ज्याची त्याचे खालचे पाणी, ही इंग्रजी अमलातली धारणा आपण अजून सोडलेली नाही.

शेततळ्यांच्या बाबतीतही घरात आवर नाही. कडवंची गावाने पाणलोटाचे जे काम केले त्याचा मला मनापासून आदर आहे. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने ते गाव द्राक्षांपर्यंत पोचले. पण बांधावर अडवून मुरवलेले पाणी सगळ्यांचे असते. तेच विहिरीतून उपसून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात साठवले की ते एकाचे होते आणि उन्हाने उडूनही जाते. मराठवाड्यात अशी तळी अनुदानातून झाली आहेत. विकासाच्या यादीत दोन्ही कामे शेजारी-शेजारी छापली जातात, याचे मला वाईट वाटते.

पोलादाकडेही, घरात काय आवरले याच नजरेने पाहावे. युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन करासाठी उत्सर्जनाची नोंद ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, प्रत्यक्ष आकारणी 2026 पासूनच्या मालावर आहे. पोलादाबाबत त्यात सध्या कारखान्यातून थेट निघणाऱ्या कार्बनचीच मोजणी आहे. विजेमागचा धूर हिशेबाबाहेर. जालन्याच्या भट्ट्या विजेवर चालतात आणि राज्यातली वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे. इथला माल बहुतेक देशातच खपतो, म्हणून कुणाला घाई नाही. पण जे युरोपने मोजले नाही ते आपण मोजायला कुणाची परवानगी लागते? एका टन सळईमागे किती युनिट वीज, किती पाणी, हे कारखान्यांनी स्वतःहून जाहीर केले तर पुढच्या वाटाघाटीत भारताचा प्रतिनिधी अधिक ताठ बसेल.

घाणेवाडीचा गाळ नागरिकांनी वर्गणी काढून उपसला, शेतकऱ्यांनी तो आपल्या खर्चाने शेतात नेला. तलावात पाणी साठायला जागा झाली, शेतांना सुपीक माती मिळाली. नियमनाचा हा धडा जालन्याने कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट न पाहता गिरवला. पण जुन्या जालन्याची तहान गोदावरीवर, पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते, आणि जायकवाडीत किती पाणी यायचे हे वरच्या नाशिक-नगरच्या धरणांशी होणाऱ्या भांडणात ठरते. तिथे वर्गणी आणि श्रमदान पुरत नाही, कायदा लागतो. 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचे कलम आहे, आणि तुटीच्या वर्षी ते अमलात आणण्यासाठी दर वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागू नये, एवढी तरी मागणी जालन्यातून सातत्याने व्हायला हवी.