शीर्षक, बाजार आणि निषेध

कुरखेड्याकडे दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. त्यांची शीर्षके ठसठशीत, भावुक असतात, कारण वडशाच्या नाट्यमंडळांना तिकिटे विकायची असतात. शीर्षकाच्या पातळीवरची ही तडजोड आशयाशी केलेली प्रतारणा ठरते काय?

या प्रश्नाचा एक बोलका दाखला हेवी मेटलच्या इतिहासात सापडतो. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७० साली, बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतून आलेल्या 'ब्लॅक सॅबथ'च्या चौघांनी आपला दुसरा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याचे नाव 'वॉर पिग्ज' ठरले होते. युद्ध पुकारणारे सत्ताधीश सुरक्षित राहतात आणि मरायला गरीब जातात, हा त्या गीताचा आशय. ध्वनिमुद्रिका कंपनीने मात्र, जागा भरून काढण्यासाठी घाईत रचलेल्या 'पॅरानॉइड' या छोट्या गीताचे नाव अल्बमला दिले. मुखपृष्ठावरचा ढाल-तलवारधारी तेवढा तसाच राहिला. नव्या शीर्षकाशी त्याचा काहीच संबंध नाही. पण नेमकी ही विसंगतीच काय दडपले गेले याची साक्ष देते. शिवाय 'वॉर पिग्ज' हे गीत पहिल्या स्थानावरून हलले नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

झाडीपट्टीत ही तडजोड पुष्कळदा लेखनापूर्वीच झालेली असते, त्यामुळे संहितेत तिची खूण उरत नाही. तिला दोषी ठरवणे नागर समीक्षेला अर्थातच सोपे जाते. त्या तिकिटांवर कलावंतांची घरे चालतात, हे तिच्या हिशेबात नसते. परंतु जे शीर्षक कधी सुचूच दिले गेले नाही, त्याचा जाब विचारायचा तो कोणाला?